पाऊल आधी वाढते : वयात येणाऱ्या भावंडांविषयी एका आईला उत्तर

सांगली जिल्ह्यातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मोठा मुलगा नववीत आहे. वय १३ वर्षे १० महिने, उंची १४८ सेंटीमीटर, वजन ३७ किलो. प्रार्थनेच्या रांगेत तो सर्वांत पुढे उभा असतो, आवाज अजून फुटलेला नाही आणि मिसरूडही नाही. धाकटी मुलगी सहावीत, साडेअकरा वर्षांची. तिची उंची १४९ सेंटीमीटर झाली आहे आणि दिवाळीनंतर तिची पाळी सुरू झाली. तेव्हापासून तिचे संध्याकाळचे खेळायला जाणे घरच्यांनी बंद केले आहे. मुलगा वर्षभरात चिडका झाला आहे, खोलीचे दार लावून बसतो, रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी सातच्या शाळेसाठी उठत नाही, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो आणि त्याचे गुण घसरले आहेत. वडील म्हणतात, शिंगे फुटली आहेत. आजी म्हणतात, लाडाने बिघडला आहे. उंचीसाठी एक पावडर आणून झाली आहे आणि आता कोणी तरी इंजेक्शने सुचवली आहेत. वडिलांची उंची १६८ आणि आईची १५४ सेंटीमीटर आहे. या सगळ्यात आजार किती, वयाचा भाग किती आणि आपण काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, बालरोगतज्ज्ञ म्हणून २७ वर्षे काम करताना हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत पुष्कळ वेळा ऐकला आहे, पण तुमच्या पत्रात भाऊ आणि बहीण दोघेही आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्याकडे म्हणतात की बापाची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की त्याला मित्रासारखे वागवावे. या म्हणण्यातला जिव्हाळा मला मान्य आहे, मात्र शरीराचा क्रम पाहिला तर चप्पल हे मोठे होण्याचे माप ठरत नाही, कारण वयात येताना पाऊलच आधी वाढते आणि आधी थांबते. पावलांमागून हातपाय लांब होतात, मग धड वाढते, मग खांदे किंवा कंबर रुंदावते. स्नायूंचे बळ उंचीच्या मागून येते, हाडे विशीपर्यंत घट्ट होत राहतात, आणि परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पक्का व्हायला पंचविशी उजाडते. चप्पल बसणे आणि निर्णय बसणे यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर असू शकते.

माझे मुख्य सांगणे हेच आहे. वयात येणे ही एका दिवशी घडणारी एक गोष्ट नाही. एकाच मुलात अनेक वाढी निरनिराळ्या वेळी सुरू होतात आणि निरनिराळ्या वेळी संपतात, आणि त्यांपैकी एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की मुलावर अन्याय होतो. तुमच्या घरात मुलाच्या उंचीमुळे त्याला लहान समजले जात आहे आणि मुलीच्या पाळीमुळे तिला मोठी.

आधी मुलाच्या शरीराविषयी. तुमच्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिले आहे: ‘ह्यांची उंचीसुद्धा म्हणे अकरावी-बारावीत एकदम वाढली, असे मुलांच्या आत्या सांगतात.’ वाढ उशिरा सुरू होणे हे पुष्कळदा घराण्यातून येते. अशा मुलांमध्ये आजार काही नसतो. सगळा क्रम तोच असतो, फक्त एक-दोन वर्षे मागे सरकलेला असतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग बालपणभर या बाबतीत जवळजवळ गप्प असतो. वेळ आली की तो रात्रीच्या झोपेत ठरावीक अंतराने संप्रेरकाचे (हॉर्मोनचे) छोटे छोटे ठोके त्याच्या खाली असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला देऊ लागतो, तिच्याकडून संदेश वृषणांना किंवा बीजकोषांना जातो, आणि तिथून टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन तयार होऊ लागते. हा पहिला ठोका कधी पडणार हे बव्हंशी अनुवंशावर, आणि काही प्रमाणात पोषणावर व दीर्घ आजारांवर ठरते. मुलींमध्ये ही सुरुवात ८ ते १३ या वयात केव्हाही झाली आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात केव्हाही झाली, तरी ती वेळेवरच झाली असे आम्ही मानतो.

घरच्यांची फसगत होते ती पुढच्या गोष्टीमुळे. आपण मुलगा वयात आला की नाही हे आवाजावरून आणि मिसरुडावरून ठरवतो, पण या दोन्ही खुणा मुलांमध्ये उशिरा येतात. पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणे, आणि ती कपड्यांखाली असल्यामुळे कोणालाच दिसत नाही. ती तपासण्यासाठी आमच्याकडे बारा मण्यांची एक माळ असते. झ्युरिकचे डॉक्टर आन्द्रेआ प्राडर यांच्या नावाने ती ओळखली जाते. सर्वांत लहान मणी १ मिलिलिटरचा आणि सर्वांत मोठा २५ मिलिलिटरचा. मुलाची परवानगी घेऊन, पडद्याआड, वडील जवळ असताना दोन मिनिटांत ही तपासणी होते. डॉक्टर एका हाताने मणी चाचपतात आणि दुसऱ्या हाताने मुलाचे वृषण, आणि दोन्ही आकार जुळवून पाहतात. ४ मिलिलिटरचा मणी जुळला की सुरुवात झाली असे समजायचे, मग आवाज कितीही कोवळा असो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी कुठल्याही रक्ततपासणीच्या आधी ही माळ काढीन. चौदा वर्षे पूर्ण होऊनही हा आकार आलेला नसेल तर मात्र शोध घेणे आवश्यक ठरते, आणि तुमच्या मुलाला चौदा पूर्ण व्हायला दोनच महिने उरले आहेत. म्हणून ‘वाट पाहा’ एवढेच सांगून मी तुम्हाला परत पाठवणार नाही.

आता आकड्यांकडे पाहू. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. या तक्त्यावर तुमच्या मुलाची उंची खालच्या बाजूला, पण रेषांच्या आत येते, आणि वजन उंचीला साजेसे आहे. आईवडिलांच्या उंचीवरून अंदाज काढायचा तर दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचे: १६८ अधिक १५४ अधिक १३, म्हणजे ३३५, आणि त्याचे निम्मे साधारण १६७. मुलीसाठी १३ वजा करायचे, म्हणजे ३०९ चे निम्मे, साधारण १५४. यात काही सेंटीमीटर इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. वयात येण्याच्या आधी मूल वर्षाला चार-सहा सेंटीमीटर वाढते. ऐन वाढीच्या वर्षात मुलगी साधारण ८ आणि मुलगा ९ ते १० सेंटीमीटर वाढतो. मुलींमध्ये ही उसळी सुरुवातीलाच येते, मुलांमध्ये ती मधल्या टप्प्यावर येते. तुमच्या घरातले सध्याचे चित्र, म्हणजे बहीण भावापेक्षा सेंटीमीटरभर उंच, हे एवढ्याच फरकाने घडले आहे. तिची उसळी जवळजवळ होऊन गेली आहे आणि त्याची अजून यायची आहे.

एकदा मोजलेल्या उंचीपेक्षा वाढीचा वेग जास्त बोलका असतो. म्हणून शाळेच्या आरोग्यतपासणीच्या जुन्या नोंदी, लसीकरणाच्या कार्डावरचे आकडे, दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा, जे असेल ते शोधा. वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर थायरॉइड, रक्तक्षय, आतड्यांचे किंवा मूत्रपिंडाचे दीर्घ आजार यांची तपासणी करावी लागते. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक एक्स-रे आम्ही काढतो. त्यात हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या दिसतात, आणि हाडांचे वय मुलाच्या वयापेक्षा किती मागे आहे ते कळते. चौदाच्या मुलाची हाडे साडेबाराची दिसली तर ती चिंतेची गोष्ट नव्हे. वाढायला अजून वेळ शिल्लक आहे असा त्याचा अर्थ असतो.

पावडर कृपया थांबवा. कुठल्याही पावडरीने, लटकण्याने किंवा दोरीवरच्या उड्यांनी ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त उंची मिळत नाही. उड्या मारायला हरकत नाही, त्या हाडांना चांगल्या आहेत. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने काही निश्चित आजारांसाठीच असतात. आणि ‘ताकदीची’ म्हणून दिली जाणारी पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने या वयात चुकीच्या मात्रेत दिली तर वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद होतात. मूल काही महिने झपाट्याने वाढते आणि कायमचे बुटके राहते. उशिरा वयात येणाऱ्या काही मुलांना अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांचे डॉक्टर, थोड्या महिन्यांसाठी अगदी कमी मात्रेत उपचार देतात, पण तो निर्णय तपासण्यांनंतर, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, आणि मला वाटते की आत्ता घरात जास्त अन्याय तिच्यावर होत आहे. साडेअकराव्या वर्षी पाळी येणे हे नैसर्गिक मर्यादेच्या आत आहे. छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, म्हणजे तिची सुरुवात नवव्या वर्षी झाली असणार. पाळी सुरू झाल्यानंतर मुली साधारणतः आणखी पाच-सात सेंटीमीटर वाढतात. ती १५५ च्या आसपास थांबेल, हे वरच्या हिशेबाशी जुळते. पहिली दोन-तीन वर्षे पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने, अनियमित येऊ शकते. तीन महिने अजिबात आली नाही, आठवड्यापेक्षा जास्त दिवस रक्तस्राव राहिला, किंवा दर तास-दोन तासांनी पॅड भिजू लागला तर डॉक्टरांना दाखवा.

रक्तक्षयाचा प्रश्न मात्र आजच हातात घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१ टक्के. म्हणजे हा फक्त मुलींचा आजार नाही. वाढत्या स्नायूंना आणि वाढत्या रक्ताला लोह लागते, मुलींचे ते दर महिन्याला थोडे वाहूनही जाते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, ती पुष्कळ मुले दप्तरात ठेवतात किंवा फेकून देतात. ती जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते, हे मुलांना कोणी सांगत नाही. मोड आलेली मटकी, हरभरा, पालेभाजी, वर लिंबू, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, एवढे पाळले तरी फरक पडतो. चहा-चपातीचा नाश्ता ही आपल्याकडची सवय लोहाच्या दृष्टीने फार वाईट आहे, कारण चहा अन्नातले लोह शोषू देत नाही.

आता तिच्या खेळाविषयी. पाळी आली तरी तिचे मन सहावीतल्या मुलीचेच आहे. काल लंगडी खेळणाऱ्या मुलीला आज ‘नीट बस, आता तू मोठी झालीस’ असे ऐकावे लागते, आणि आपण नेमके काय चुकलो हे तिला उमगत नाही. लवकर वयात येणाऱ्या मुलींना उदासी, चिंता आणि मोठ्या मुलांकडून त्रास यांचा धोका समवयस्कांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. शरीर पुढे गेल्यामुळे जग तिला मोठी समजून वागते, आणि त्याला तोंड देण्याची समज अजून यायची असते. अशा मुलीला घरात बसवणे म्हणजे तिच्या मैत्रिणी, तिचा व्यायाम आणि तिचा आत्मविश्वास एकाच वेळी काढून घेणे. तिच्या हाडांचा साठा याच वर्षांत भरत आहे, आणि तो धावण्या-उड्या मारण्यानेच भरतो. कृपया तिला पुन्हा मैदानावर पाठवा. सोबत तिला हेही सांगा की नकोसा स्पर्श किंवा नकोशी नजर जाणवली तर ती घरात येऊन बोलू शकते, आणि ते बोलल्यामुळे तिचा खेळ पुन्हा बंद होणार नाही. हे दुसरे वाक्य फार महत्त्वाचे आहे. ते ऐकले नाही तर मुली बोलत नाहीत.

मुलाच्या बंद दाराकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्या मुलाच्याच वयाचा एक मुलगा आला होता. ओळख पटेल असे काही मी इथे लिहीत नाही. तक्रार अशी की तो उन्हाळ्यातही शर्टाखाली दोन बनियने घालतो, पोहायला जात नाही आणि उलट बोलतो. आईला बाहेर बसायला सांगितल्यावर तो पाच मिनिटे काहीच बोलला नाही. मग खाली पाहत विचारले, “डॉक्टर, मी मुलगी होतोय का?” त्याच्या एका स्तनाग्राखाली लिंबोळीएवढी गाठ आली होती आणि हात लागला की दुखत होती. ही गाठ वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये काही काळ येते, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचे प्रमाण स्थिर होईपर्यंत राहते आणि बहुतेकांमध्ये वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. हे एक वाक्य त्याला सात-आठ महिने कोणी सांगितले नव्हते. जाताना त्याने एक बनियन काढून दप्तरात कोंबले.

मुलींशी निदान पाळीपुरते तरी कोणी बोलते. मुलांशी आपल्याकडे कोणीच बोलत नाही. झोपेत वीर्यस्खलन होण्याला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो. या शब्दातच दोष आहे, आणि तो ऐकून शरीराच्या साध्या घडामोडीला मुलगा आजार समजतो. मग बसस्थानकाबाहेरच्या भिंतीवर रंगवलेली ‘धातूदौर्बल्या’ची जाहिरात त्याला आपल्यासाठीच लिहिलेली वाटते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून मुला-मुलींशी या विषयांवर मोकळेपणाने आणि शास्त्रशुद्ध बोलण्याचा पायंडा पाडला. घराघरांत तेवढे जमले नाही तरी वडिलांनी किंवा मामाने एकदा बसून ‘हे होते, मलाही झाले होते, यात वाईट काही नाही’ एवढे सांगितले तरी मुलाचे पुष्कळ ओझे उतरते. तुमच्या बाबतीत तर वडिलांकडे सांगण्यासारखी आणखी मोठी गोष्ट आहे: ‘मीही दहावीपर्यंत रांगेत पहिला होतो.’ त्यांनी हे मुलाला अजून सांगितले नसेल, तर ते माझ्या कुठल्याही औषधापेक्षा आधी द्यावे.

वादाविषयी माझे मत तुमच्या घरच्यांपेक्षा वेगळे आहे. साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून मूल जे समोर नाही त्याचाही विचार करू लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी मुलांना दोरी आणि वजने देऊन लंबकाचा वेग कशावर ठरतो हे शोधायला सांगितले होते. लहान मुले दोरी, वजन आणि धक्का सगळे एकदम बदलत आणि गोंधळत. किशोरवयीन मुले एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवत आणि दोरीची लांबी हेच उत्तर शोधून काढत. हीच क्षमता नववीच्या बीजगणितात ‘क्ष’ धरायला लागते, आणि हीच क्षमता घरात वापरली जाते तेव्हा आपण तिला उलट उत्तर म्हणतो. खोटे बोलू नकोस म्हणणारे वडील दारात आलेल्या माणसाला ‘घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणतात, हे आठ वर्षांच्या मुलाला खटकत नाही, चौदाच्या मुलाला खटकते. त्याच्या मुद्द्यात तथ्य असेल तर ते मान्य करा आणि बोलण्याची रीत चुकली असेल तर तेवढीच दुरुस्त करा. दोन्ही एकत्र झोडपले की तो विचार करणे सोडत नाही, फक्त तुमच्यासमोर बोलणे सोडतो.

मात्र या नव्या बुद्धीबरोबर एक गैरसमजही येतो. सगळे जग आपल्याकडेच पाहत आहे असे या वयात वाटते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला काल्पनिक प्रेक्षकांची उपमा दिली. वर्गातला सर्वांत लहानखुरा मुलगा रोज या काल्पनिक प्रेक्षकांसमोर उभा असतो, आणि त्यातले चार-दोन प्रेक्षक खरेच ‘बुटक्या’ म्हणून हाक मारणारे असतात. त्याचे दार बंद होण्यामागे मला आधी हे दिसते.

शांत बसून विचार करायला दिला तर सोळा वर्षांचे मूल जवळजवळ प्रौढाइतकेच चांगले तर्क करते, पण राग, भीती किंवा मित्र आजूबाजूला असले की चित्र बदलते. बक्षिसाला आणि थराराला प्रतिसाद देणारा मेंदूचा आतला भाग वयात येताच जोरात चालू लागतो, आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग मागून येतो. तिथल्या पेशींमधले न वापरलेले जोड छाटले जात असतात आणि वापरातल्या तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढत असते, हे काम विशी ओलांडून चालते. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली: पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की पुढे दामटायचे? एकट्याने खेळताना १३ ते १६ वर्षांची मुले प्रौढांहून फारशी वेगळी नव्हती. मित्र शेजारी बसल्यावर त्यांनी घेतलेले धोके खूप वाढले, प्रौढांवर मात्र मित्रांचा तसा परिणाम झाला नाही. आपल्या गावांत शिकवणीला जायला चौदाव्या वर्षी स्कूटीची चावी देतात, आणि मागे दोन मित्र बसतात. पाय जमिनीला टेकतात म्हणून चावी दिली जाते. ५० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीसाठी कायद्याने १८ वर्षांची अट आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मी रुग्णालयात जे पाहिले आहे त्यामुळे कायद्याची भीती न दाखवता हात जोडूनच सांगतो, चावी देऊ नका.

रात्रीच्या जागरणाचा अर्धा भाग शरीराचा आहे. झोप आणणारे मेलाटोनिन या वयात दीड-दोन तास उशिरा स्रवू लागते. दहाला अंथरुणात ढकलले तरी डोळा लागत नाही. झोपेची गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला, तो चांगलाच आहे, पण सकाळच्या शाळेचा जाच शरीरशास्त्राच्या दृष्टीने आठवी ते बारावीच्या मुलांना जास्त होतो, आणि त्यांचा विचार अजून झालेला नाही, याचे मला वाईट वाटते. तुमच्या हातात आहे ते असे: फोन रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात चार्जिंगला लागेल, आणि हा नियम आईवडिलांच्या फोनलाही असेल. शेवटची शिकवणी नऊच्या पुढे जात असेल तर ती बदला. सुटीच्या दिवशी दोन तास जास्त झोपला तर झोपू द्या, पण दुपारी बारापर्यंत नको. गुण घसरण्याचे बरेचसे कारण इथेच सापडते. तरीही डोळे एकदा तपासून घ्या, कारण वाढीच्या वर्षांत चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढतो, आणि फळा दिसत नाही हे सांगायला मुलांना लाज वाटते.

शेवटी, कोणत्या गोष्टी वयाचा भाग समजून सोडून देऊ नयेत, हे सांगायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास किंवा चिडलेला असणे, आवडता खेळ आणि मित्र दोन्ही सुटणे, भूक किंवा वजन उतरणे, अंगावर कापल्याच्या खुणा, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा, यांतले काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. मरण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट, कोणी तरी विचारले याने मूल मोकळे होते. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असते, तिथे समुपदेशक भेटतात आणि शुल्क लागत नाही.

तुम्ही लिहिलेल्यावरून मला तुमच्या मुलात आजारापेक्षा उशीर, अपुरी झोप आणि लाज जास्त दिसते, पण त्याला न पाहता मी याहून पुढे जाणार नाही. येत्या महिनाभरात जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे त्याला न्या, सोबत जुन्या उंचीच्या नोंदी आणि वडिलांना न्या. निघण्याआधी त्याला सांगा की डॉक्टर काही वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलतील, आणि त्याच्या जिवाला धोका असल्याशिवाय ते बोलणे घरी सांगितले जाणार नाही. मुलीचे हिमोग्लोबिनही तपासायचे आहे, पण तिची वेळ वेगळ्या दिवशी घ्या. भावासमोर तिच्या पाळीची चौकशी नको, आणि तिच्यासमोर त्याची उंची मोजायला नको.